आस्वानच्या खाणीत राहिलेला ओबेलिस्क

इजिप्तमध्ये आस्वानच्या ग्रॅनाइट खाणीत एक ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून कोरलेला, वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ, सुमारे 3,500 वर्षं आडवा पडून आहे. लांबी जवळपास 42 मीटर, वजन अंदाजे 1,100 टन. आज उभा असलेला सर्वांत उंच प्राचीन ओबेलिस्क रोममध्ये आहे, तोही 32 मीटरचाच. आस्वानचा हा दगड तळाशी अजून मूळ खडकाला जोडलेला आहे. तयार ओबेलिस्कावर घासकामात ज्या खुणा पुसल्या जातात, त्या इथं जागच्या जागी सापडतात, म्हणून अभ्यासकांना त्याचं एवढं मोल.

इथं छिन्नीचे घाव जवळजवळ दिसतच नाहीत. तांब्याच्या किंवा ब्राँझच्या छिन्नीची धार ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झ या कठीण खनिजापुढे लगेच बोथट होते. पाथरवट वापरत ते डोलेराइटचे गोटे. हा काळसर, अतिशय चिवट दगड. पाचेक किलोचा गोटा दोन्ही हातांनी उचलायचा आणि खाली आपटायचा. त्यानं ग्रॅनाइट कापला जात नाही, त्याचा चुरा होतो. हा चुरा वरचेवर झाडून काढावा लागतो, नाहीतर पुढचा घाव त्यातच मुरतो.

इजिप्तच्या प्राचीन इतिहासाचे अभ्यासक रेजिनल्ड एंगेलबाख यांनी 1922च्या सुमारास इथं स्वतः गोटा चालवून पाहिला. तासभर ठोकल्यावर, एका कामगाराच्या वाट्याच्या जागेपैकी चौथाई भाग सरासरी 5 मिलिमीटर खाली गेला. म्हणजे सगळी जागा तेवढीच खोल करायला चार तास!

दगडाच्या दोन्ही बाजूंना सुमारे पाऊण मीटर रुंदीचे चर आहेत. चराच्या भिंतीवर हात फिरवला तर उभ्या, उथळ पन्हळी लागतात. प्रत्येक पन्हळ म्हणजे गोटा जिथं पुन्हा पुन्हा पडला ती जागा. गोट्याला कोपरा नसतो, त्यामुळे चरातले कोपरेही गोलसर राहिले. भिंतींवर तांबड्या रंगाच्या रेघा आहेत. कोणाचं काम किती खोल गेलं, हे मोजणाऱ्यांनी त्या आखल्या. लाकडी पाचरी भिजवून असे दगड फोडत, असं सर्रास सांगितलं जातं. आस्वानला पाचरींच्या खाचा आहेत खऱ्या, पण त्या बहुतेक नंतरच्या, लोखंडी हत्यारांच्या काळातल्या.

काम नेटानं चाललं की ते झपाट्यानं होई. कर्नाकच्या मंदिरातल्या, राणी हातशेपसुतच्या ओबेलिस्कावरचा लेख खाणकामाला 7 महिने लागल्याचं सांगतो.

आस्वानला घात केला भेगांनी. ग्रॅनाइटमध्ये नैसर्गिक सांधे असतातच. ते आधीच कळावेत म्हणून पाथरवटांनी खडकात चाचणीचे खड्डे घेतले होते. पण खड्ड्यातून तेवढ्याच जागेचा खडक कळतो, दोन खड्ड्यांमधला नाही. आणि लांब दगडात बारीक भेगही चालत नाही: उचलताना त्याच्याच वजनानं तो वाकू पाहतो आणि भेगेपाशी तुटतो. भेग दिसल्यावर पाथरवटांनी लगेच हात टेकले नाहीत. त्याच दगडात, भेगा टाळून बसेल अशा लहान ओबेलिस्काची नवी आखणी त्यांनी केली. ती आखणी आजही दगडावर आहे, पण तोही पुरा झाला नाही.