कोडे-कॅनन

कोडे-कॅनन : पाश्चात्त्य अभिजात संगीतातील कॅनन या रचनाप्रकाराचा कूट अवतार. साध्या कॅननमध्ये एक आवाज धून सुरू करतो, काही मात्रांनी दुसरा तीच धून पहिल्यापासून धरतो, मग तिसरा. आवाज एकमेकांवर चढत जातात आणि तरी सुरांचे भांडण होत नाही. कोडे-कॅननमध्ये रचनाकार यातली जेमतेम एखादी ओळ कागदावर ठेवतो. उरलेले आवाज त्या ओळीतूनच काढायचे असतात. कसे काढायचे, ते तो सरळ सांगत नाही; सोबत बायबलमधले एखादे वचन, लॅटिन म्हण किंवा नुसती एक खूण देऊन मोकळा होतो.

कॅनन या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नियम. पंधराव्या शतकात कॅनन म्हणजे रचना नव्हे, तर ओळीच्या माथ्यावर लिहिलेली सूचना. योहानेस टिंक्टोरिस या संगीतशास्त्रज्ञाने १४७० च्या दशकात संगीताच्या परिभाषेचा जो कोश केला, त्यात कॅननची व्याख्या ‘रचनाकाराचा मनोदय काहीशा दुर्बोधतेने दाखवणारा नियम’ अशी आहे. तेव्हा दडवादडवी हा मागाहून जडलेला चाळा म्हणता येत नाही, ती व्याख्येतच बसलेली आहे.

ओळीतून ओळ काढण्याच्या युक्त्या मोजक्याच. ‘सा रे ग प’ ही धून घेतली, तर ती उशिरा धरता येते, वरच्या किंवा खालच्या सुरापासून गाता येते, शेवटाकडून उलटी ‘प ग रे सा’ अशी म्हणता येते, आरशात धरल्यासारखी चढाचा उतार करून ‘सा नि ध म’ अशी मंद्रात नेता येते, किंवा निम्म्या लयीत संथ करता येते. खरी गंमत सूचनेत असते. ‘ज्यू लोकांच्या रीतीने गावे’ म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचा. ‘जो स्वतःला उंच करतो तो नमवला जाईल’ म्हणजे चढाचा उतार करा. ‘ओरड, थांबू नकोस’ हे यशया संदेष्ट्याचे वचन रचनाकार जोस्कँ दे प्रेच्या एका मासमध्ये (कॅथलिक उपासनेच्या पाठावरील रचनेत) आले आहे. तिथे त्या आवाजाने मधले विराम गाळून गायचे. दुसरा रचनाकार गियोम द्यूफाई याच्या मासमधली सूचना तर दुहेरी पेचाची आहे : ‘खेकड्याने पूर्ण जावे, पण परतताना अर्ध्याने यावे.’ युरोपीय समजुतीत खेकडा मागे चालतो (आपल्याकडे कोकणातले पोरही सांगेल की तो तिरका चालतो), त्यामुळे त्याचे ‘जाणे’ म्हणजेच उलटे गाणे. आणि परतताना धून सुलट, पण सुरांचा काळ निम्मा.

उलटसुलट वाचनाचा हा नाद फक्त युरोपलाच होता असे नाही. सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या, दैवज्ञ सूर्यकवीने असे विलोमकाव्य रचले की सुलट वाचावे तर रामकथा, उलट वाचावे तर कृष्णकथा. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही. फरकही मोठा आहे : विलोमकाव्याचे दोन अर्थ एकामागून एक वाचले जातात, कॅननमध्ये सुलट आणि उलट एकाच वेळी कानावर पडतात.

उकल करणारा आधी खुणा गोळा करतो. ओळीच्या आरंभी किती क्लेफ (कोणता सूर कुठल्या रेषेवर ते ठरवणारी चिन्हे) आहेत? तितके आवाज असण्याचा संभव. मध्येच एखादे लहान चिन्ह आहे का? तिथे दुसरा आवाज शिरत असेल. आवाजांची संख्या शीर्षकात दिली आहे का? एवढ्याने भागले नाही तर धून दुसऱ्या कागदावर उतरवून पहिलीखाली एकेक मात्रा सरकवत न्यायची आणि प्रत्येक ठिकाणी उभ्या रांगेत सूर जुळतात का ते पाहायचे. हल्ली हे काम नोटेशनचे सॉफ्टवेअर क्षणात करते, पण निवाडा त्याला जमत नाही. शब्दकोड्याचे उत्तर चौकटीत बसले की बरोबर. इथे उत्तर नियमात बसूनही कानाला बेचव लागू शकते, आणि मग रसिक मंडळींत वाद जुंपतो : हीच रचनाकाराची उकल, की आणखी एखादी दडली आहे?

हे वाद पत्रांतून चालत. रचनाकार आद्रियान विलार्टने रोमन कवी होरेसच्या ‘दारू काय काय करवत नाही’ या अर्थाच्या ओळीवर एक रचना केली. कागदावर तिचा शेवट सातव्या सुराच्या कर्कश अंतरावर होतो. प्रत्यक्षात मधल्या वाटेत कोमल सुरांची मालिका लागते, खालचा आवाज गुपचूप एक पूर्ण स्वर उतरतो आणि शेवटी निखळ सप्तकाचे अंतर मिळते. बोलोन्याच्या जोव्हान्नी स्पातारो या संगीतशास्त्रज्ञाने १५२४ मध्ये दुसरा संगीतशास्त्रज्ञ प्येत्रो आरोन याला लिहिलेल्या पत्रात ही रचना पोप दहावा लिओ याच्याकडे गेल्याची आणि त्याच्या गायकांना ती गाता न आल्याची हकीकत आहे. कोडे कंठात उतरेना, पण त्यावर पुढे पत्रेच्या पत्रे खर्ची पडली.

सगळीच कोडी या तोलाची नसत. प्येत्रो चेरोने याच्या १६१३ च्या संगीतावरील प्रचंड ग्रंथाचा २२वा, शेवटचा भाग संगीतकोड्यांना वाहिलेला आहे. त्यातली काही पाहायला देखणी आणि गायला कोरडी आहेत.

अठराव्या शतकातला जर्मन रचनाकार जे. एस. बाख याच्या हाती हा खेळ पुन्हा संगीत झाला. १७२७ मध्ये त्याने हुडेमान नावाच्या मित्राला एका ओळीतून चार आवाज निघणारा कॅनन लिहून दिला. पुढच्याच वर्षी रचनाकार टेलेमानने तो आपल्या नियतकालिकात छापला आणि १७३९ मध्ये संगीतलेखक माटेझोनने उकल प्रसिद्ध केली. म्हणजे मित्राला दिलेली खासगी भेट बारा वर्षांत सार्वजनिक कोडे झाली होती. १७४७ मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाने दिलेल्या धुनेवर बाखने ‘संगीत-अर्पण’ रचले. त्यातल्या खेकडा-कॅननची एकच ओळ एक वादक सुरुवातीपासून आणि दुसरा शेवटापासून वाजवतो. ओळीच्या टोकाला क्लेफ उलटा काढलेला, एवढीच सूचना. दुसऱ्या दोन कॅननवर नुसते ‘शोधाल तर सापडेल’ असे लिहिले आहे. दुसरा आवाज कुठे शिरतो याची खूणच नसल्यामुळे त्यांपैकी दोन आवाजांच्या कॅननला एकाहून अधिक उकली जमतात.

लोरेंत्स मित्सलरने १७३८ मध्ये लाइपझिगला काढलेल्या संगीतशास्त्राच्या पत्रमंडळात बाख त्याच वर्षी, १७४७ मध्ये, दाखल झाला. टेलेमान आणि हेंडेल तिथे आधीपासून सभासद होते. चर्चा बैठकीत नव्हे, टपालाने होई. सभासदाने आपले चित्र द्यायचे असे. चित्रकार हाउसमानने काढलेल्या बाखच्या चित्रात त्याच्या हातात एक कागद आहे, त्यावर तीन छोट्या ओळी आणि ‘सहा आवाजांचा त्रिकॅनन’ असे शब्द. प्रत्येक ओळीचा जोडीदार आरशातल्यासारखा उलटा होऊन एका मापानंतर शिरतो, की सहा आवाज पुरे होतात. नाटकी पोझ नाही की वाद्य नाही, बाख पाहणाऱ्यापुढे फक्त कोडे धरतो.

बोलोन्याचा संगीतज्ञ धर्मगुरू पाद्रे मार्तिनी याने आपल्या संगीत-इतिहासाच्या पानांवर नक्षीऐवजी कोडे-कॅनन छापले. किशोरवयीन मोझार्टने त्यांच्या धर्तीवर स्वतःचे काही लिहिले. एकोणिसाव्या शतकात मात्र हा प्रकार मुख्यतः मित्रांच्या वह्यांत आणि पत्रांत उरला. बेथोव्हेनच्या पत्रांत असे कॅनन आढळतात.

१९७४ मध्ये स्ट्रासबुर्गला ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ या बाखच्या रचनेची त्याची स्वतःची छापील प्रत सापडली. शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने त्याच रचनेच्या खर्जातल्या पहिल्या आठ सुरांवर १४ कॅनन बारीक अक्षरांत लिहिले आहेत, बहुतेक न उकललेल्या रूपात. त्यातला तेरावा म्हणजे चित्रात हाती धरलेला कॅनन.