कृतीतून बीजगणित

कृतीतून बीजगणित म्हणजे साधारण सहावी ते दहावीच्या मुलांना सूत्रं थेट फळ्यावर न देता आधी एखादं कोडं, खेळ नाहीतर आकृती द्यायची आणि त्यातून त्यांनाच अक्षराची गरज पडेल असं करायचं. ही गरज पडणं सगळ्यात महत्त्वाचं, नुसत्या रंगीत कार्डांवर तीच जुनी उदाहरणं छापून वाटली तर मुलांच्या हाती काही लागत नाही.

सगळ्यात ओळखीचं उदाहरण काडेपेटीतल्या काड्यांचं. एका चौकोनाला ४ काड्या, त्याला चिकटून दुसरा केला की एकूण ७, तिसरा केला की १०. मग विचारायचं, १०० चौकोनांना किती? एवढ्या काड्या वर्गात नसतात म्हणून मोजून भागत नाही. कुणी म्हणतं सुरुवातीची १ आणि मग प्रत्येक चौकोनाला ३, म्हणजे क्ष चौकोनांना ३क्ष + १. कुणी वरच्या क्ष, खालच्या क्ष आणि उभ्या क्ष + १ अशा वेगळ्या मोजतं. आणखी कुणी प्रत्येकी ४ धरून दोनदा मोजलेल्या काड्या वजा करतं, ४क्ष − (क्ष − १). तिघांचं उत्तर ३०१च, मग ही तीन सूत्रं वेगळी की एकच यावर वर्गात वाद होतो आणि कंस सोडवणं, सरूप पदं एकत्र करणं हे सगळं त्या वादातच येऊन जातं. काही मुलं क्ष + ३ लिहितात, कारण दर वेळी ३ वाढताना त्यांनी पाहिलेलं असतं. ते खोडायचं नाही, ५ चौकोन मांडून मोजायला सांगायचं, ८ येतात की १६?

मनातला आकडा ओळखण्याचा खेळही तसाच. आकडा धर, दुप्पट कर, १० मिळव, निम्मं कर, मूळ आकडा वजा कर, उत्तर ५. मनातल्या आकड्याची एक पिशवी आणि वरचे सुटे खडे असं चित्र काढलं (२ पिशव्या १० खडे, मग १ पिशवी ५ खडे) की पाचवीतल्या मुलालाही कारण दिसतं. कॅलेंडरवर ३ बाय ३ चा चौकोन धरला तर नऊ तारखांची बेरीज मधल्या तारखेच्या ९ पट येते, वार आडवे छापलेले असोत की उभे.

समीकरणासाठी तराजू चांगला, कारण बऱ्याच मुलांना बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" एवढंच वाटतं. ८ + ४ = □ + ५ दिलं की चौकटीत १२ लिहितात. तराजू मनात असला की "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे पाठ करावं लागत नाही, दोन्हीकडून सारखंच काढलं हे कळतं. पण क्ष + ७ = ३ ला तराजू चालत नाही, उणे वजन कुठून आणणार, तिथे संख्यारेषेकडे वळावं.

एक गोष्ट मात्र टाळायला हवी, ३ आंबे + २ केळी म्हणजे ३आ + २के असं शिकवणं. त्यातून अक्षर म्हणजे वस्तू अशी समजूत बसते आणि पुढे शाब्दिक उदाहरणांत फार त्रास होतो, अक्षर आंब्यांची संख्या किंवा किंमत दाखवतं. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं आहेत. यावत्तावत् म्हणजे जेवढं असेल तेवढं, आणि पिशवीतल्या खड्यांबद्दल मुलं नेमकं हेच म्हणतात.