तानपुऱ्यातला गंधार कधी ऐकू येतो?

तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’च्या, तारेतून गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, आपोआप उमटतो. तो कुणी छेडत नाही. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचं ते कंपन असतं. ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या मराठी घरांत गाणं शिकणाऱ्या मुलांना तो ऐकायला सांगतात. सकाळी निवांत बसलं की तो कानी पडतो. दुपारी पेंग आली की निसटतो. आणि गुरुजींनी समोर बसून ‘हं, गा आता’ म्हटलं की छातीच्या धडधडीत तो सापडतच नाही. तार तीच, कानही तेच. मग गंधार जातो कुठे?

याचं उत्तर मेंदूच्या जागेपणात आहे. इंद्रियांचे संदेश येत राहतात म्हणून आपण जागे असतो, असा पूर्वी समज होता. १९४९ मध्ये मोरुत्सी आणि मॅगून या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातला एक भाग विजेने चेतवला, तर झोपेतल्यासारख्या संथ लहरी मोडून जागेपणीच्या जलद लहरी उमटल्या. जागं करणारी यंत्रणा मेंदूच्या आतच होती.

या देठातच ‘लोकस सेरुलियस’ हा निळसर ठिपका असतो. त्यातल्या पेशी हजारांत मोजण्याइतक्या, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले. त्या नॉरॲड्रेनालिन हे रसायन सोडतात आणि मेंदूची सावधता वरखाली होते. डोळ्यातल्या बाहुलीचा आकारही त्याबरोबर बदलतो, त्यामुळे डोळ्यांत पाहून सावधतेचा अंदाज घेता येतो.

२०१५ मध्ये उंदरांवर झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. गोंगाटात दडलेला स्वर त्यांना ओळखायचा होता. बाहुली बारीक, म्हणजे उंदीर सुस्त, तेव्हा स्वर हुकायचा. बाहुली फार मोठी, म्हणजे तो उत्तेजित, तेव्हाही हुकायचा. मधल्या अवस्थेत ओळख सर्वांत अचूक. मेंदूच्या श्रवणकेंद्रातल्या पेशींची स्वतःची वळवळ तेव्हा कमी असते आणि स्वराला मिळणारा प्रतिसाद ठळक उठतो. गुरुजींपुढे घाबरलेल्या मुलाला ‘लक्ष दे’ म्हणून ओरडणं किती उलटं आहे, ते यावरून कळावं.

झोपेतही ऐकणं पूर्ण थांबत नाही. १९६० मधल्या एका अभ्यासात झोपलेल्या माणसांच्या मेंदूलहरींनी इतरांच्या नावांपेक्षा स्वतःच्या नावाला जास्त प्रतिसाद दिला.

पण सावधता वाढली की सगळीच इंद्रियं तीक्ष्ण होतात, असंही नाही. उंदीर धावू लागला की त्याच्या दृष्टिकेंद्राचा प्रतिसाद वाढतो, श्रवणकेंद्राचा मात्र दबतो. हालचालीची केंद्रंच त्याला आवर घालतात. माणूस बोलतो तेव्हाही असंच काहीसं घडतं. स्वतःच्या आवाजाला श्रवणकेंद्र मंद प्रतिसाद देतं, आणि तोच आवाज मुद्रित करून ऐकवला की जोरकस. हल्ली गाण्याच्या शिकवणीत मोबाइलवर मुद्रण करून शिष्याला त्याचंच गाणं ऐकवतात. गाताना न जाणवलेला उतरलेला स्वर तेव्हा त्याला चटकन कळतो.