कफ सुकवायचा नसतो, ओला ठेवायचा असतो

दिवाळीच्या सुमारास पुण्यात पहाटेचं धुकं आणि धूर एकत्र खाली उतरतात आणि फोनवर ‘फुफ्फुसं आतून धुणाऱ्या’ काढ्यांचे निरोप फिरू लागतात. या निरोपांना कफ म्हणजे निव्वळ घाण वाटते, आणि तिथेच ते चुकतात. निरोगी श्वासनलिकेतही कफाचा पातळ थर चोवीस तास असतो. बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर, जंतू त्यात अडकतात. सिलिया, म्हणजे नळीच्या आतल्या पेशींवरचे सूक्ष्म हलते केस, हा थर मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने घशाकडे ढकलतात आणि तो आपण नकळत गिळतो.

चांगल्या कफात ९७-९८ टक्के पाणी असतं. म्यूसिन ही प्रथिनं जेमतेम अर्धा टक्का, तरी सगळा चिकटपणा त्यांचाच. पेशीच्या आत म्यूसिनचे लांब धागे कॅल्शियमने आवळून ठेवलेले असतात. बाहेर पडताच बायकार्बोनेट ते कॅल्शियम काढून घेतं, धाग्यांवरचे ऋणभार एकमेकांना दूर लोटतात आणि धागे पाण्यातल्या सब्ज्यासारखे, पण काही सेकंदांतच, शेकडो पट फुगतात.

खरी गंमत कफाच्या या थराखाली आहे. सिलिया साधारण ७ मायक्रोमीटर उंच असतात आणि सेकंदाला १० ते १५ वेळा हलतात. त्यांच्यामध्ये नुसतं पाणी असतं, असं पूर्वी मानत. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की तिथे सिलियांना चिकटलेल्या म्यूसिनचं दाट जाळं असतं. म्हणजे पाणी ओढणारे थर दोन झाले, खालचं जाळं आणि वरचा कफ. एरवी जाळ्याची ओढ जास्त असते, त्यामुळे पाणी कमी पडलं की आधी वरचा कफ आटतो आणि सिलिया मोकळ्या राहतात. पण कफातले घनपदार्थ दोन टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांवर गेले, की त्याचा परासरण दाब, म्हणजे पाणी ओढण्याची ताकद, जाळ्यावर मात करतो. जाळं दबतं, सिलिया आडव्या होतात, कफ पेशींना चिकटतो. मग खोकूनही तो सुटत नाही आणि जंतू तिथेच मुक्काम करतात.

सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजारात पेशीतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर सोडणारी सीएफटीआर ही वाहिनीच बिघडलेली असते, त्यामुळे कफाला पाणी कमी पडतं. तिचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. सिगारेटचा धूरही याच वाहिनीचं काम मंदावतो. दम्यात एमयूसी५एसी हे म्यूसिन वाढतं आणि त्याची बुचं बारीक नळ्या बंद करतात.

म्हणून लिटरभर जास्त पाणी पिऊन फारसं साधत नाही. शरीरात पाणी पुरेसं असेल तर कफातलं पाणी पेशींवरच्या अशा वाहिन्याच ठरवतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ७ टक्के मिठाचं निर्जंतुक द्रावण नेब्युलायझरने देतात, कारण मीठ पाणी ओढून आणतं. त्याने नळ्या आवळू शकतात, म्हणून आधी साल्ब्युटामॉल हे नळ्या मोकळ्या करणारं औषध देतात. हे द्रावण घरी मीठ कालवून कधीही करू नका. दुधाने कफ वाढतो हेही प्रयोगांत दिसलेलं नाही. ते लाळेत मिसळून घशाला दाट लागतं, एवढंच.

साचलेला कफ सोडवायला आधी शांत श्वास घ्या, मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक दोन-तीन सेकंद रोखून. मग तोंड उघडं ठेवून एक-दोनदा जोरात ‘हाऽ’ करत हवा सोडा. कफात रक्त दिसलं किंवा धाप लागली तर वाट पाहू नका, डॉक्टर गाठा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात क्षयासाठी बेडक्याची तपासणी मोफत होते. तिथे छातीतून खोकून काढलेला बेडकाच द्यावा, नुसती थुंकी चालत नाही.