रात्रीचा फोटो रवाळ का येतो?

रात्री रस्त्यावर काढलेला फोटो मोठा करून पाहिला की सावल्यांमध्ये बारीक रवा भुरभुरल्यासारखा दिसतो. दोष सहसा कॅमेऱ्याला दिला जातो. पण त्यातला बराचसा रवाळपणा मुळात प्रकाशातच असतो.

प्रकाश कणाकणांनी येतो. या कणांना फोटॉन म्हणतात आणि ते कधीच शिस्तीत येत नाहीत. पावसाची पहिली सर आठवा. गच्चीवरच्या एका फरशीवर चार थेंब पडतात, शेजारचीवर नऊ, तिसरी जवळजवळ कोरडीच. मुसळधार पावसात मात्र सगळ्या फरश्या सारख्या भिजतात. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरचे, बारीक चौकोन म्हणजे या फरश्याच. एका चौकोनात सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर साधारण १० चा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. हा वर्गमुळाचा नियम आहे. सेन्सर कितीही उत्तम असला तरी तो टळत नाही.

आता रात्री प्रकाश किती तुटपुंजा असतो ते पाहू. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो, दिव्याखालच्या रस्त्यावर जेमतेम १० लक्स. म्हणजे दहा हजारांश! उन्हात एफ/१६ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), १/१०० सेकंद (शटर उघडं राहण्याचा वेळ) आणि आयएसओ १०० (सेन्सरचा संकेत किती मोठा करायचा ते सांगणारा आकडा) वर फोटो नीट येतो. रात्री लेन्स एफ/२ पर्यंत उघडली की ६४ पट प्रकाश आत येतो. शटर १/३० सेकंद ठेवलं की आणखी सव्वातीन पट. तरीही सुमारे ४७ पटींची तूट उरते. ती भरायला आपण आयएसओ ५००० च्या आसपास नेतो.

इथेच मोठा गैरसमज आहे. आयएसओ वाढवल्याने एकही जादा फोटॉन सेन्सरवर पडत नाही. जे थोडे पडले त्यांचाच संकेत मोठा होतो आणि त्यांच्यातला चढउतारही. म्हणून आयएसओला घाबरून फोटो अंधारा काढायचा आणि नंतर संगणकावर उजळायचा, यात काहीच वाचत नाही. गोळा करायचा असतो तो प्रकाश. फोनचा रात्रीचा मोड हेच करतो: लागोपाठ अनेक फोटो काढून ते एकमेकांवर बसवतो. १६ फोटोंची सरासरी घेतली की रवाळपणा चौथ्या हिश्शावर येतो. मात्र तेवढ्यात चालता माणूस पुढे सरकलेला असतो. मग एक तर तो पुसट होतो, नाहीतर फोन त्याच्यापुरते मोजकेच फोटो वापरतो आणि रवा पुन्हा दिसू लागतो.

रस्त्यावरच्या फोटोत तर माणसंच महत्त्वाची. समोरून आडवा जाणारा माणूस १/३० सेकंदात हलतो, पण तोच आपल्या दिशेने चालत येत असेल तर चित्रात फारच कमी सरकतो. त्यामुळे रस्त्याच्या कडेपेक्षा पादचाऱ्यांच्या वाटेच्या टोकाशी, दिव्याच्या अलीकडे उभं राहणं केव्हाही चांगलं. माणूस दिव्याजवळ येईपर्यंत थांबावं. दिव्यापासूनचं अंतर निम्मं झालं की अंगावरचा प्रकाश जवळपास चौपट होतो, आणि ही चौपट पूर्णपणे खऱ्या फोटॉनांची असते.

उरलेला रवा मी तसाच राहू देतो. तो पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला रवा आणि शालीची वीण यांतला फरक नेहमीच कळतो असं नाही, आणि रव्याबरोबर वीणही जाते.