गडद मोरपंखी भिंती : आवड जुनी, रंग नवा

घरातल्या भिंतींना गडद मोरपंखी देण्याची टूम गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुन्हा जोरात आहे. आता तर एका भिंतीवर भागत नाही. चौकटी, कपाटं, छत, सगळंच त्या रंगात बुडवतात. आवड तशी जुनीच. पण भिंतीला परवडेल आणि टिकेल असं रंगद्रव्य हाती आलं ते १९३० च्या दशकात.

त्याआधी रंगाऱ्याकडे मुख्यतः दोन पर्याय होते. एक, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये अपघातानेच सापडलेला प्रशियन निळा. तो गडद आणि देखणा, पण चुन्याशी त्याचं वाकडं. अल्कलीत तो विघटित होतो आणि तपकिरी पडतो. त्यामुळे ताज्या चुन्याच्या भिंतीवर त्याचा उपयोग नव्हता. दुसरा, तांब्यावर व्हिनेगरची वाफ धरून मिळवलेला निळसर-हिरवा कळंक, म्हणजे तांब्यावर चढणारा हिरवा गंज. तेलात कालवला की सुरुवातीला तो झळझळीत दिसतो, मग वर्षागणिक काळवंडत जातो. पुढे आर्सेनिकचे हिरवे रंग आले आणि विषारी म्हणून मागे पडले. १८५९ मध्ये पेटंट घेतलेला क्रोमियमचा हिरवा टिकाऊ होता, पण महाग.

इथेच एक वाद उभा राहतो. विसाव्या शतकात जुनी घरं जतन करताना भिंतींना राखाडी झाक असलेले, दबलेले निळे-हिरवे रंग दिले गेले. ‘आपल्या पूर्वजांची सौम्य अभिरुची’ असं त्याचं समर्थन होई. पुढे रंगाच्या थरांचे खपले सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाऊ लागले, तेव्हा वेगळंच दिसलं. वरचा थर मळलेला आणि पिवळटलेल्या तेलाने झाकोळलेला, तर प्रकाशापासून वाचलेले कण चांगलेच भडक. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या माउंट व्हर्नन या घरातल्या छोट्या भोजनकक्षाला त्यांनी १७८५ मध्ये कळंकाचा हिरवा रंग दिला होता. १९८० च्या दशकात तो मूळच्या तेजासकट परत लावला, तेव्हा अनेकांना तो बटबटीत वाटला.

मूळचा भडक रंग परत लावण्याचा हा निर्णय मला बरोबर वाटतो. महागडा झळझळीत रंग हा त्या काळी ऐपतीचा दाखला होता; कोण मुद्दाम मळकट रंग विकत घेईल? विरोधकांचा एक मुद्दा मात्र सहज झटकता येत नाही. तो रंग मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात बघण्यासाठी होता. आजच्या पांढऱ्या दिव्याखाली तोच रंग अंगावर येतो. तरीही आज ‘ऐतिहासिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या धुरकट मोरपंखी छटांपैकी बऱ्याच छटा म्हणजे जुन्या रंगाची नव्हे, त्याच्या म्हातारपणाची नक्कल आहे.

खरी कलाटणी १९२८ ची. स्कॉटलंडमधल्या एका रंगकारखान्यात पात्राचं मुलामा दिलेलं अस्तर तडकलं, आतलं लोखंड रसायनाला लागलं आणि नको असलेली निळी मळी तयार झाली. तिचाच तांबेयुक्त भाऊबंद १९३५ मध्ये थॅलो निळा म्हणून बाजारात आला. त्याच रेणूत क्लोरीन घातलं की थॅलो हिरवा. दोन्ही ऊन सोसतात, चुना-सिमेंटला जुमानत नाहीत आणि चिमूटभरात डबा रंगवतात. आजच्या बहुतेक गडद मोरपंखी डब्यांत यांपैकी काहीतरी असतंच.

१९५० च्या दशकात हीच रंगद्रव्यं भरपूर पांढऱ्यात मिसळून फिकट फिरोजी स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं सजली. नंतर बराच काळ पांढऱ्या-बदामी भिंतींचं राज्य होतं, आणि गडद रंगाने खोली लहान दिसते हा समज पक्का झाला. ते अर्धसत्य आहे. पडणाऱ्या उजेडापैकी जेमतेम दहा टक्के उजेड परत देणाऱ्या भिंतीचे कोपरे अंधुक होतात, मग खोलीची हद्द नीट कळेनाशी होते. खोली लहान वाटते ती बहुतेकदा पांढऱ्या छतामुळे आणि चौकटींमुळे, कारण तिथे भिंत कापल्यासारखी थांबते. छतही रंगवण्याची आजची पद्धत त्यातूनच आली.

अडचण राहते ती बेसची, म्हणजे ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगाची. गडद छटेसाठी दुकानातलं यंत्र ज्या डब्यात रंग सोडतं त्यात टायटॅनियमचा पांढरा जवळजवळ नसतोच, आणि झाकण्याचं काम तर तोच करतो. म्हणून दोन हात मारूनही खालची भिंत डोकावते आणि राखाडी प्रायमर लागतो. फिनिश मॅट असेल तर जिथे खुर्ची घासते किंवा फडका फिरतो तिथे चकाकणारे पट्टे उमटतात. ते पुसून जात नाहीत, पूर्ण भिंतीवर पुन्हा हात मारावा लागतो.