इलेक्ट्रिक कारला पसंतीचा नंबर: शुल्क, अर्ज, लिलाव आणि हिरवी पाटी

महाराष्ट्रात इलेक्ट्रिक कारचं कोटेशन हातात पडलं की मोटार वाहन कराच्या रकान्यात शून्य दिसतं. त्यामुळे बरेच ग्राहक धरून चालतात की पसंतीचा नंबरही फुकट किंवा निम्म्या दरात मिळेल. तसं नाही. ०००१ पेट्रोलच्या गाडीवर लावा की बॅटरीच्या, दर एकच.

यामागचं कारण समजून घेतलं तर काउंटरवर वाद घालण्यात वेळ जात नाही. बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्र देणं, त्याचं नूतनीकरण करणं आणि नोंदणी क्रमांक देणं यासाठीचं शुल्क केंद्र सरकारने २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने माफ केलं. ही माफी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या शुल्कापुरती आहे. मोटार वाहन कराची माफी राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातून मिळते. २०२५ चं धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत लागू आहे. (३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव २०२५ च्या अर्थसंकल्पात होता, तो मागे घेतला गेला.) पसंतीचा नंबर मात्र महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ५४-अ खाली येतो. कर आणि नोंदणी शुल्काच्या माफ्या तिथे चालत नाहीत.

नक्की काय निवडता येतं?

फक्त शेवटचे चार आकडे. परदेशात पाटीवर स्वतःचं नाव घालता येतं, तसं आपल्याकडे नाही. एमएच, त्यापुढचा आरटीओचा आकडा आणि मालिकेची अक्षरं ठरलेली असतात. पुण्याच्या पत्त्यावर गाडी घेतली तर एमएच १२, पिंपरी-चिंचवडला १४, ठाण्याला ०४. मालिकेच्या अक्षरांत इंग्रजी आय आणि ओ वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. इलेक्ट्रिक गाड्यांना वेगळी मालिकाही नसते. शेजारच्या पेट्रोल गाडीच्या मालिकेतलाच नंबर मिळतो, बदलतो तो पाटीचा रंग.

इंग्रजी अंकांतला ४१४१ 'दादा'सारखा आणि ०२१४ 'राम'सारखा दिसतो म्हणून या नंबरांना मागणी असते. ८०५५ इंग्रजीत 'बॉस' वाचला जातो. पण हा सगळा खेळ पूर्वीच्या पेंटरने रंगवलेल्या पाट्यांचा. आता उच्च सुरक्षा नोंदणी पाटीवर, म्हणजे एचएसआरपीवर, आकड्यांचा साचा, जाडी आणि अंतर ठरलेलं आहे. कारच्या पाटीवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेषेची जाडी १० आणि दोन अक्षरांमधलं अंतरही १० मिलिमीटर. १ च्या आकड्याला शेपूट काढून 'दादा' करता येत नाही. केलं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५० चा भंग होतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये, त्यानंतर १५०० रुपयांपर्यंत दंड होतो. देवनागरी आकडेही चालत नाहीत. 'दादा' दिसावा एवढ्यासाठीच कोणी पैसे मोजत असेल, तर साध्या साच्यातला नंबर आधी कागदावर लिहून बघावा.

शुल्क

३० ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने दर वाढले. चारचाकीसाठी ०००१ चं शुल्क ३ लाखांवरून ५ लाख झालं. मुंबई शहर व उपनगर, पुणे, ठाणे, रायगड, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा जास्त मागणीच्या ठिकाणी ते ४ लाखांवरून ६ लाख झालं. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ या पाच नंबरांना चारचाकीसाठी २ लाख ५० हजार लागतात. त्याखाली १ लाख, ७० हजार आणि २५ हजार अशा पायऱ्या आहेत. ००११, ००२२, ४२४२, ५६५६ हे २५ हजारांच्या पायरीवरचे नंबर. यादीत नसलेला, पण तुम्हाला हवा असलेला साधा नंबरही शुल्क भरून राखता येतो, म्हणजे वाढदिवस किंवा जुन्या गाडीचे चार आकडे. सरकारी पोर्टलवर (पत्ता पुढे दिला आहे) नंबर टाकला की रक्कम समोर येते. एजंटने तोंडी सांगितलेला आकडा खरा मानू नका.

दुसऱ्या मालिकेतून नंबर घेतला की शुल्क तिप्पट होतं. चारचाकीच्या चालू मालिकेतला हवा तो नंबर गेलेला असतो आणि पुढची मालिका उघडेपर्यंत थांबायची तयारी नसते. अशा वेळी दुचाकीच्या मालिकेतला तोच नंबर कारसाठी मागता येतो. २५ हजारांचा नंबर मग ७५ हजारांना पडतो, अडीच लाखांचा साडेसात लाखांना, आणि मुंबई-पुण्यात ०००१ अठरा लाखांना. गाडी मिळायला महिना-दीड महिना असेल तर नव्या मालिकेची वाट पाहणं सहसा शहाणपणाचं. मोठ्या शहरांत चारचाकीच्या मालिका लवकर संपतात.

अर्ज कुठे करायचा?

चालू मालिकेत शिल्लक असलेला नंबर असेल तर घरबसल्या. खासगी वाहनांसाठी ही फेसलेस, म्हणजे आरटीओत न जाता वापरायची, सोय नोव्हेंबर २०२४ पासून आहे. पत्ता 'फॅन्सी डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन'. शेवटी जीओव्ही डॉट इन नसलेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या साइटवर पैसे भरू नका. आधारला जोडलेला मोबाईल हाताशी ठेवा, कारण ओटीपी त्यावर येतो. नोंदणी करून लॉगिन झालं की राज्य, आरटीओ आणि वाहनाचा प्रकार निवडायचा. मग उपलब्ध नंबरांतून हवा तो घ्यायचा, पैसे भरायचे आणि पावती डाउनलोड करायची. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी त्याच लॉगिनमधून व्यवहाराची स्थिती तपासा.

यात सगळ्यात जास्त चूक नावात होते. नंबर राखताना लिहिलेलं नाव आणि गाडीच्या बिलावरचं नाव अक्षरशः एक हवं. नंबर वडिलांच्या नावाने राखला, कर्ज मुलाच्या नावाने मंजूर झालं आणि बिलही मुलाच्या नावाने निघालं, की नोंदणी अडकते. २०२४ च्या बदलानंतर राखलेला नंबर पती-पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या नावे करता येतो. पूर्वी तेवढंही नव्हतं. तरी त्यात एक अर्ज आणि एक फेरी वाढतेच. गाडी कंपनीच्या नावाने घ्यायची असेल तर नंबरही कंपनीच्याच नावाने राखा.

नवी मालिका उघडताना

नवी मालिका सुरू होण्याआधी आरटीओ जाहीर सूचना काढतं आणि त्यात अर्जाची तारीख, वेळ आणि जागा असते. अर्ज विहित नमुन्यात करायचा. सोबत मूळ शुल्काचा डीडी, पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र आणि पॅनकार्डची साक्षांकित प्रत. स्वतः जाणार नसाल तर प्रतिनिधीकडे अधिकारपत्र आणि त्याचं ओळखपत्र द्या. डीडी कोणाच्या नावे काढायचा ते सूचनेत दिलेलं असतं. बँकेत तीच ओळ दाखवून डीडी काढा. नावात एक अक्षर चुकलं तर काउंटरवरूनच अर्ज परत येतो, आणि तोपर्यंत दुपारची वेळ संपलेली असते.

एका नंबरला एकच अर्ज आला तर विषय संपला, नंबर तुमचा. दोन किंवा जास्त आले तर त्या नंबरांची यादी सूचना फलकावर लागते आणि लिलाव होतो. हा लिलाव बोली ओरडण्याचा नाही. मूळ शुल्काच्या वर जितके द्यायची तयारी आहे तेवढ्या रकमेचा एकच डीडी बंद पाकिटात, सांगितलेल्या वेळेत जमा करायचा. पाकिटं अर्जदारांसमोर उघडतात आणि ज्याचा आकडा मोठा त्याला नंबर मिळतो. बाकीच्यांचे डीडी परत. समोरच्याने किती भरलेत हे कळल्यावर पुन्हा संधी नसते, त्यामुळे आपली कमाल रक्कम घरीच ठरवून या. आणखी एक: बहुतेक लोक ५०,००० किंवा १,००,००० असे गोल आकडे भरतात. त्यामुळे ५१,१०० चं पाकीट ५०,००० च्या तीन पाकिटांना सहज हरवतं.

एकदा राखलेला नंबर बदलून मिळत नाही आणि शुल्क परत मिळत नाही. पावतीवर दिलेल्या मुदतीत गाडी नोंदवली गेली नाही तर नंबर सुटतो आणि पैसेही जातात. इलेक्ट्रिक गाडीबाबत हे जास्त महत्त्वाचं, कारण मागणीतल्या मॉडेलची डिलिव्हरी पुढे सरकत राहते. विक्रेत्याने 'पुढच्या आठवड्यात' म्हटलं म्हणून नंबर राखू नका. गाडीचा चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, हातात आला की मग राखा.

शोरूममध्ये

नवी गाडी हल्ली विक्रेताच सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत नोंदवतो. तिथे पसंतीच्या नंबराचा पर्याय निवडायचा असतो. तो निवडला नाही तर प्रणाली क्रमाने येणारा नंबर देऊन मोकळी होते आणि मग तो बदलत नाही. म्हणून राखीव नंबराची पावती मेलवर पाठवा, छापील प्रतही द्या आणि 'अर्ज पुढे पाठवण्याआधी मला पडद्यावर दाखवा' असं स्पष्ट सांगा. सेल्समनला सांगितलं म्हणजे नोंदणी करणाऱ्या मुलाला कळलं असं होत नाही, दोघांची टेबलं वेगळी असतात.

कागदपत्रं नेहमीचीच: नमुना २० मधला अर्ज, विक्रेत्याचा नमुना २१, कंपनीचा नमुना २२, बिल, विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन, आणि कर्ज असेल तर वित्तसंस्थेची नोंद. नव्या खासगी कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. पॉलिसी चासी नंबरवर निघते, नोंदणीनंतर त्यात गाडीचा नंबर चढवून घ्या. पीयूसीचा प्रश्न येत नाही.

याच टप्प्यावर इंधनाचा रकाना तपासा. पाटीचा रंग, करमाफी आणि टोलमाफी तिथून ठरतात. शुद्ध इलेक्ट्रिक गाडीला हिरवी पाटी मिळते, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या स्ट्राँग हायब्रीडला नाही. २०१८ च्या नियमाप्रमाणे खासगी इलेक्ट्रिक गाडीला हिरव्यावर पांढरी अक्षरं, व्यावसायिक गाडीला हिरव्यावर पिवळी. पांढरी पाटी लावून दिली तर गाडी ताब्यात घेऊ नका. एचएसआरपी स्नॅप लॉकने बसवलेली असते, ती काढायची म्हणजे लॉक तोडायचं आणि नवा संच मागवायचा. पाटीवरचा होलोग्रॅम, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक आणि काचेवरचं, गाडीच्या नोंदणीची माहिती असलेलं तिसरं स्टिकर बघून घ्या.

नंबर मिळाल्यावर फास्टॅगकडे दुर्लक्ष होतं. नव्या गाडीचा टॅग चासी नंबरवर दिलेला असतो आणि गाडीचा नंबर ९० दिवसांत बँकेकडे अद्ययावत करावा लागतो. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, पण नाक्यावरची यंत्रणा टॅगला जोडलेल्या गाडीची नोंद वाचते, पाटीचा हिरवा रंग पाहत नाही. टॅग चासी नंबरवरच राहिला तर पैसे कापले जाण्याची शक्यता राहते.

भारत मालिकेत, म्हणजे राज्य बदललं तरी चालणाऱ्या बीएच नंबरांत, पसंतीचा नंबर नसतो, तिथे प्रणाली देईल तो आकडा. बदलीची नोकरी असलेल्यांनी हे आधीच ठरवावं. एमएचचा महागडा नंबर घेऊन गाडी कायमची बंगळुरू किंवा हैदराबादला नेली, तर बारा महिन्यांनंतर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. पण राज्यातल्या राज्यात पत्ता बदलला, नाशिकहून पुण्याला आलात, तर नंबर तोच राहतो.